न गाजलेले रॅपर : एकच नाव सांगा, पण कुठे अडकलात तेही सांगा

जागल्या

आमच्याकडे ओलिताची लाईन, म्हणजे वीज, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मी दहाला शेतात जातो आणि उजाडल्यावर परततो. हरभऱ्याला पाणी देताना काम तसं फार नसतं. एक दांड भरला की बंद करायचा, पुढचा फोडायचा. बाकी वेळ रोही आणि डुकरांवर कान. माणसाचा आवाज सलग येत राहिला की डुकरं धुऱ्याशी बिचकतात, म्हणून मोबाईलला छोटा स्पीकर जोडून धुऱ्यावर ठेवतो. नुसतं संगीत चालत नाही, बोलणं लागतं. रॅपची ओढ त्याआधीची, पण शब्द न् शब्द ऐकायला मी या धुऱ्यावर शिकलो.

ओढ लागली ती मेमरी कार्डामुळे. बारावीत होतो. तालुक्याच्या बसस्टँडजवळ एक जण कार्डात गाणी भरून द्यायचा. त्याने कुणाचं तरी जुनं फोल्डर माझ्या कार्डात तसंच टाकलं. त्यात एका फाईलला नाव नव्हतं, नुसतं ट्रॅक ७. गाणारा न थांबता एक शब्द सांगत होता आणि लगेच त्याचा अर्थ. पुन्हा शब्द, पुन्हा अर्थ. घराला आमच्या गल्लीत काय म्हणतात, पैशाला काय, चोरीला काय. इंग्रजी माझं बेताचंच. तरी माणूस आपल्या बोलीचा शब्दकोश यमकात बांधतोय एवढं पहिल्याच फेरीत कळलं. शाळेत 'मले' लिहिलं की लाल रेघ मिळालेला मुलगा मी. ते गाणं ऐकताना अंगावर काटा आला होता.

गाणाऱ्याचं नाव कळायला तीन वर्षं गेली. बिग एल. न्यूयॉर्कच्या हार्लेमचा. 1995 मध्ये कोलंबियासारख्या बड्या कंपनीने त्याचा पहिला अल्बम काढला आणि पुढे त्याला सोडून दिलं. मग त्याने स्वतःचं लेबल उभं केलं आणि 1998 मध्ये ते शब्दकोशाचं गाणं, 'इबॉनिक्स', त्यावर काढलं. 15 फेब्रुवारी 1999 ला त्याच्याच मोहल्ल्यात गोळ्या घालून त्याला मारलं. वय 24. दुसरा अल्बम 2000 मध्ये आला, तो गेल्यावर. ऐकणारे जाणकार त्याला फार मोठा मानतात, पण रॅप म्हटलं की लोकांच्या तोंडी येणाऱ्या चार नावांत तो नसतो.

म्हणून हा धागा. ज्याच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही असं एक नाव द्या. नुसतं नाव नको. कोणत्या जागी तुमचं बोट पुढचं गाणं लावायला गेलं नाही, ते लिहा.

संत्राबाग

बिग के.आर.आय.टी. मिसिसिपी राज्यातल्या मेरिडियन गावचा. स्वतः लिहितो, स्वतः बीट, म्हणजे बोलण्यामागचं संगीत, बांधतो. 2010 मध्ये त्याने 'क्रिट वॉज हिअर' फुकट वाटलं आणि तिथून लोक त्याला ओळखू लागले. नावाचा अर्थ 'काळाच्या स्मरणात राहिलेला राजा' असा काहीसा होतो.

मी अडकलो ते आवाजाच्या ढंगावर. तो शब्द ओढून बोलतो, गावाकडचा हेल लपवत नाही. आमच्या वरुडचा माणूस पुण्यात गेला की आधी हेल लपवतो. मीही चार वर्षं लपवला.

एक गोष्ट मला राहून राहून आठवते. मिसिसिपी म्हणजे कपाशीचा मुलूख, गुलामांच्या घामावर उभा राहिलेला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेना, आणि इंग्रजांच्या गिरण्यांची नजर आपल्या वऱ्हाडच्या कापसाकडे वळली. तिथलं बोंड थांबलं म्हणून इथल्या बोंडाला भाव आला. त्याच मातीतल्या पोराचं गाणं दीडशे वर्षांनी मी संत्र्याच्या बागेत ऐकतो आहे. मला ते परकं वाटत नाही.

नाईट_शिफ्ट

माझं नाव : का. एवढंच नाव, एकच अक्षर. न्यूयॉर्कच्या ब्राउन्सव्हिल वस्तीतला. हा माणूस अग्निशमन दलात कॅप्टन होता. आग विझवण्याची नोकरी आणि उरलेल्या वेळात गाणी. नव्वदच्या दशकात एका गटात होता, जमलं नाही, कित्येक वर्षं बाजूला राहिला. पहिला एकट्याचा अल्बम 2008 चा, नीट लक्ष गेलं ते 2012 च्या 'ग्रीफ पेडिग्री'वर. बीट बरीच त्याची स्वतःची. रेकॉर्ड स्वतः रस्त्यावर उभा राहून विकायचा. 12 ऑक्टोबर 2024 ला गेला, 52 वर्षांचा होता.

मी सीझनमध्ये जिनिंगला रात्रपाळी करतो. रुईच्या गंजीला आग लागणं काय असतं ते पाहिलं आहे. एकदा तालुक्याहून बंब यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर आम्ही टाक्याच्या पाण्याने जमेल तेवढं केलं. त्या बंबावर उतरलेल्या माणसाचा चेहरा अजून समोर आहे. काजळी, आणि एक शब्द न बोलता पाईप ओढणं. का असाच गातो. त्याच्या गाण्यात बहुतेक वेळा ड्रम नसतो किंवा अगदी दूरवर कुठेतरी असतो, आणि आवाज कधी चढत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं गाणं सुरूच झालं नाही. तिसऱ्यांदा कळलं, यमक ओळीच्या शेवटी नाही, ओळीच्या पोटात आहे. एका ओळीत चार-चार ठिकाणी.

जागल्या

नाईट_शिफ्ट भाऊ, काल रात्री लावलं. डुकरांसाठी आवाज कमी पडला, पण मी पाणी वळवायचं विसरलो. एक दांड फुटून वाहत होता.

जुनं_खोड

पोराहो, वाचून राह्यलो. राग मानू नका, पन मले हे रॅप म्हंजे शिव्या, गाड्या अन् सोन्याच्या साखया एवढंच दिसलं आतापर्यंत. आमच्या बुढ्याच्या जमान्यात कलगी-तुऱ्याचे सामने होत. कलगीवाले शक्तीच्या बाजूनं, तुरेवाले शिवाच्या. एकानं कोडं टाकलं का दुसऱ्यानं उभ्या उभ्या त्याच चालीत उत्तर बांधलं पाह्यजे. खडी गंमतीत तं गावचा सरपंच समोर बसला असला तरी त्याले सुनावत. त्याच्यात अन् तुमच्या या रॅपमंधी काय साम्य असंन तं सांगा, नाई तं मी आपला जुनाच बरा.

खंजिरी

काका, राग कशाचा. तुम्ही जे लिहिलं त्यालाच तिकडे बॅटल म्हणतात. समोरासमोर उभं राहायचं, त्याच ठोक्यावर उत्तर द्यायचं, निकाल लोकांच्या आरोळीवर.

रॅपची सुरुवातही बड्या सभागृहात झाली नाही. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचा ब्रॉन्क्स भाग, 1520 सेजविक अव्हेन्यू ही इमारत. शाळा उघडणार म्हणून एका मुलीने इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, डीजे कूल हर्कने, गाण्यातला नुसता ठोक्यांचा तुकडा दोन रेकॉर्डवर आलटून पालटून लांबवला. त्या लांबलेल्या ठोक्यावर लोक बोलू लागले. गाड्या आणि साखळ्या फार नंतर आल्या, आणि टीव्हीने दाखवायला तेवढंच उचललं.

आता माझं नाव. मी मोझरीच्या बाजूचा, भजनी मंडळात खंजिरी वाजवतो. वडील वाजवायचे, त्यांनी राष्ट्रसंतांना प्रत्यक्ष ऐकलेलं. खंजिरीत हात थोडा मागे ठेवायचा असतो. अगदी वेळेवर थाप पडली तर भजन कवायतीसारखं होतं. हे मला कुणाला शब्दात सांगता येत नव्हतं. मग डेट्रॉईटच्या स्लम व्हिलेजचं 'फॅन्टॅस्टिक, व्हॉल्यूम 2' ऐकलं. बीट जे डिलाचे. तो ठोके मशीनवर हाताने वाजवायचा आणि मशीनला ते सरळ करू द्यायचा नाही. थाप किंचित उशिरा पडते, मान आपोआप हलते. ते ऐकून मी वडिलांना हेडफोन लावला. त्यांनी मांडीवर बोटं धरली आणि एवढंच म्हणाले, ह्याचा हात बसलेला आहे.

डिलाला आज जग ओळखतं. 7 फेब्रुवारी 2006 ला त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी 'डोनट्स' आला आणि तीन दिवसांनी तो गेला, ही हकिगत सगळ्यांना पाठ आहे. पण स्लम व्हिलेजचा तो अल्बम कंपनीच्या भानगडीत वर्षानुवर्षं अडकून पडला, चोरून केलेल्या कॅसेटींवर फिरला आणि 2000 मध्ये रीतसर निघाला, तोवर त्याची नक्कल करणारे पुढे गेले होते. गटात डिलासोबत असलेल्या टी3 आणि बातीन या दोघांचं नाव तर कुणीच घेत नाही.

हिंगणघाटची

धाग्यात अजून एकही बाई नाही. मी दोन नावं देते, नियम मोडला तरी चालेल.

पहिली रॅप्सडी. नॉर्थ कॅरोलायनातल्या स्नो हिल नावाच्या लहानशा गावातली. 2017 च्या अल्बमचं नाव 'लैलाज विज्डम', लैला म्हणजे तिची आजी. 2019 चा अल्बम 'ईव्ह', त्यातलं एकेक गाणं एकेका कृष्णवर्णी स्त्रीच्या नावाचं. ग्रॅमीच्या यादीत येऊनसुद्धा रॅपरांच्या गप्पांत तिचं नाव "बायकांमध्ये चांगली" असंच येतं. मी अडकले ती आजीवर. माझी आजी जात्यावर बसायची तेव्हा ओवीत सासरच्या माणसांची नावं घालून जे बोलायचं ते बोलून घ्यायची. दिवसभर तोंड बंद, पहाटे जात्यावर सगळं बाहेर. जात्याची घरघर हीच तिची बीट होती. हे मी आधी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

दुसरी आपल्याकडची, माही जी. महादेव कोळी आदिवासी समाजातली, शिक्षणाने इंजिनिअर, आणि मराठीत जंगल, पाणी, उन्हाच्या झळा यांवर रॅप करते. वर्ध्याला मे महिन्यात काय ऊन असतं ते ज्याने अंगावर घेतलं आहे त्याने तिचं उन्हावरचं गाणं ऐकावं.

वैनगंगा

ओडिशातल्या कालाहांडीचा दुले रॉकर. 2020 मध्ये मजूर पायी घरी निघाले होते तेव्हा मोबाईलवर गाऊन टाकायचा. स्वतः मजुरी केलेला माणूस. आमच्या गडचिरोलीतून मिरची तोडायला तेलंगणात गेलेले लोक तेव्हा तसेच चालत आले. भाषा पूर्ण कळत नाही. गरज पडली नाही.

पांदण

इतकं दूर कशाला जाता? 100 आरबीएच आपल्या अमरावतीचा आहे. मुंबईच्या स्वदेशी गटातून पुढे आला. जात, शेती, गावाची हद्द यावर मराठी-हिंदीत असं लिहिणारा दुसरा दाखवा.

संत्राबाग

पांदण भाऊ, तो आता टीव्हीवरच्या स्पर्धेतही दिसून गेला. त्याला न गाजलेला कसं म्हणायचं?

पांदण

टीव्हीवर दिसणं वेगळं आणि ऐकलं जाणं वेगळं. माझ्या गावात त्याची क्लिप दहा पोरांच्या स्टेटसला होती. त्यातल्या एकाने तरी पूर्ण गाणं ऐकलं का? आणि स्वदेशीबद्दल बोलायचं तर 2019 मधलं आरे जंगलावरचं 'वारली रिव्होल्ट' किती जणांनी शेवटपर्यंत ऐकलं? त्यात प्रकाश भोईर यांच्यासारखा तिथलाच आदिवासी माणूस गातो. एमसी मवाली मराठीत काय लिहितो ते बघा. त्याच गटातला तोड फोड गुजरातीत रॅप करायचा, 2022 मध्ये 24 व्या वर्षी गेला. बिग एलचंही वय तेच, जागल्या भाऊंनी वर लिहिलंय. मला ते वाचून गलबलून आलं.

संत्राबाग

मान्य. शब्द मागे घेतो.

जुनं_खोड

खंजिरीनं सांगितलं थे नातवाकडून लावून घेतलं. शब्द काई समजले नाई पन थाप समजली. अन् थ्या आगवाल्याचं बी ऐकलं. त्याचा आवाज तं कीर्तन संपल्यावर बुवा येकटाच बसून पुटपुटते तसा आहे. गाडगेबाबा लोकाइले सवाल इचारत अन् लोकाइच्याच तोंडून उत्तर काढत, हे माह्या बापानं पाह्यलेलं. तुमच्यात असा कोनी आहे का, जो ऐकनाऱ्याले बोलता करते?

जागल्या

काका, तो प्रश्न डोक्यात ठेवतो.

दोघा-तिघांनी विचारलं की असे लोक सापडतात कसे. माझ्याकडे दिवसाला दीड जीबी आणि शेतात एक दांडी रेंज. म्हणून मी घरून डाऊनलोड करून नेतो, आणि ॲपने पुढे ढकललेलं गाणं कधी घेत नाही. ॲप तेच देतं जे आधीच सगळे ऐकत आहेत. मी नावांचा माग काढतो. गाणं आवडलं की बीट कुणाची ते बघायचं, मग त्या माणसाने आणखी कुणासाठी बांधली ते. पाहुणा म्हणून कुणी एक कडवं गाऊन गेला असेल तर त्याच्या घरी जायचं. बिग एल ज्या मंडळीत होता तिचं नावच डिगिंग इन द क्रेट्स, म्हणजे रेकॉर्डच्या खोक्यांत हात घालून शोधणं. त्या नावामागे गेलो तर ओ.सी. सापडला. 1994 चा 'वर्ड... लाईफ'. बीट बहुतेक बकवाइल्डचे. खोटा रुबाब करणाऱ्या रॅपरांना तो त्यात आवाज न चढवता जागेवर बसवतो.

आणि एखादा सापडला नाही तर तो वाईट होता असं समजू नका. डी ला सोलचं उदाहरण घ्या. 1989 पासूनचा मोठा गट. पण त्यांच्या गाण्यांत दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे असंख्य तुकडे, आणि परवानग्यांचे करार लिहिले तेव्हा कॅसेट आणि रेकॉर्डच होत्या, इंटरनेटचा उल्लेखच नाही. त्या घोळात त्यांचे सुरुवातीचे अल्बम ॲपवर आले 3 मार्च 2023 ला. त्यांच्यातला एक, ट्रुगॉय, तीनच आठवड्यांपूर्वी वारला होता. मोबाईलवरच ऐकणारी एक अख्खी पिढी त्यांना न ऐकता मोठी झाली. माल चांगला होता, रस्ता बंद होता. पावसाळ्यात आमच्या गावाचं असंच होतं, नाल्याला पूर आला की दूध इथेच नासतं.

1995 मध्ये न्यूयॉर्कमधल्या पुरस्कार सोहळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आउटकास्ट या गटाला बक्षीस मिळालं तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. त्यांच्यातला आंद्रे 3000 माईकवर एवढंच म्हणाला की दक्षिणेकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. त्यानंतर दक्षिणेचं रॅप देशभर गाजलं. मला ते वाक्य मराठीत, आपल्या हेलात, ऐकायचं आहे.

फवारणी

पहिल्यांदा लिहितोय. ऑर्गनाइज्ड कन्फ्यूजन. क्वीन्सचे दोघे, प्रिन्स पो आणि फॅरो मॉन्च. 1994 च्या अल्बममध्ये 'स्ट्रे बुलेट' नावाचं गाणं आहे, ते बंदुकीच्या गोळीच्या तोंडून आहे. गोळी सांगते मी कुठून निघाले, कुणाला लागले. मारणारा नाही, मरणारा नाही, मधली वस्तू बोलते. मी तिथे अडकलो तो अजून निघालो नाही.

आमचा जिल्हा यवतमाळ. 2017 च्या फवारणीत वीसहून जास्त माणसं गेली. आमच्या वस्तीतला एक जण त्यात होता. मी तेव्हा नववीत. लोक महिनाभर बोलत होते की चूक कुणाची. औषधाची, मालकाची, दुकानदाराची, तोंडाला फडकं न बांधणाऱ्या मजुराची. पंप मात्र त्याच्या ओसरीत खुंटीला तसाच टांगलेला होता, नळीच्या टोकाला निळसर डाग सुकलेला. ते गोळीचं गाणं ऐकलं आणि वाटलं, पंपाला विचारावं. हे लिहिलं :

मी पंप, माहा पट्टा त्याच्या खांद्यावर,
वारा फिरला तं बोट कोनाच्या धंद्यावर?
कपाशी वाचली, बोंडं टिकली फांद्यावर,
थो मातर गेला चौघांच्या खांद्यावर.

चुकलं असेल तर सांगा.

खंजिरी

काहीच चुकलेलं नाही. पहिल्या आणि चौथ्या ओळीत खांदा तोच, ओझं वेगळं. शेवटच्या ओळीत 'थो मातर' नंतर अर्धी मात्रा थांब, घाई करू नको. तिथे ऐकणाऱ्याला कळू दे काय येणार आहे.

हिंगणघाटची

दोनदा वाचलं. बोली बदलू नकोस. कुणी सांगितलं तरी 'तो मात्र' करू नकोस.

जुनं_खोड

पोरा, म्या इचारलं होतं तुमच्यात कोनी ऐकनाऱ्याले बोलता करते का. दुसऱ्या ओयीत तू इचारलं ना, बोट कोनाच्या धंद्यावर? त्याचं उत्तर मी रातभर देऊन राह्यलो मनातल्या मनात. माह्या शेतात बी माणसं फवारतात.

नाईट_शिफ्ट

रेकॉर्ड कर. पुढची कडवी आहेत का?

फवारणी

एकूण चार लिहिली, दोन रेकॉर्ड झाली. मोबाईलवरच. घरात आवाज घुमत होता, टिनाचं छत आहे. मग कापूस भरून ठेवला आहे त्या खोलीत गेलो. भाव वाढेल म्हणून बाबांनी अजून विकला नाही, छताला हात लागेल एवढी गंजी आहे. आत दार लावून बोललो तर आवाज जिथल्या तिथे थांबतो, जराही घुमत नाही. अंगाला खाज सुटते, दहा मिनिटांच्या वर बसवत नाही, पण इतका स्वच्छ आवाज माझा मी कधी ऐकला नव्हता. खंजिरी दादा म्हणाले तसं अर्धी मात्रा थांबलो, आणि त्या थांबण्यात माझाच श्वास ऐकू आला.

बाबांनी व्यापाऱ्याला होकार दिला आहे. सोमवारी गाडी लागणार, मग खोली रिकामी. उरलेली दोन कडवी शनिवारी रात्री करतो, लाईन असली तर चार्जिंगसाठी बरं होईल. खंजिरी दादा, तुम्ही नुसती थाप वाजवून पाठवता का? थोडी मागे पडणारी.

खंजिरी

उद्या सकाळी पाठवतो. वडीलही वाजवतो म्हणतात.